पाणी बघून खोडं लावावीत

आमच्या फैजपूरकडे केळी लावणारा आधी विहिरीत डोकावतो. उन्हाळ्यात पाणी किती टिकेल ते बघायचं, मग तेवढीच खोडं लावायची. मी मराठी चौथी शिकलेला, मला एवढं कळतं. कॉलेज चालवणाऱ्या शहाण्यांना कळत नव्हतं.

पोराचं गणित चांगलं. त्याला पुण्याला इंजिनेरी शिकायची होती. उत्तर आलं, जागा भरल्या. जागा होत्याच मूठभर आणि मागणारा सगळा इलाखा. बी.ए.ला आणि पुढे वकिलीला मात्र दार सताड उघडं, या म्हणे कितीही. पोरगा तिकडे गेला, कारण डिग्रीशिवाय घरी येऊ नको, असं मीच बजावलं होतं.

मग तो धुळ्याला मामाकडे राहून कोर्टात बसू लागला. बायकोचं माहेर तेच. ती भावाकडे गेली तेव्हा कोर्टाचं आवार बघून आली. लिंबाखाली नुसते काळे कोट. ती वैतागली की माहेरची बोली वर यायची.

"बठ्ठा वकीलच शेतस. मंग भांडन कोन करी?"

"सगळेच वकील दिसले तरी चालेल हळूहळू," मी म्हटलं.

त्या उन्हाळ्यात विहिरीवरचं तेलाचं इंजिन बंद पडलं. गावोगाव इंजिनं आलेली, दुरुस्त करणारा फिटर जळगावचा एकटा. आठ दिवस तो आज येतो, उद्या येतो करत राहिला. केळीची पानं पिवळी पडली. पोरगा सुटीत आलेला. त्यानं कोट खुंटीला टांगला, इंजिन खोललं आणि दुसऱ्या दुपारी पाटात पाणी आणलं.

बायको पाटाशी उभी. म्हणाली, "वकीलसाहेब, फी काय घ्याल?"

पोरगा हसला. वकील झाल्यापासून त्याला हसताना मी तेव्हाच पाहिला.

संध्याकाळी ती मला म्हणाली, "त्याला हेच करू द्या."

"एवढं शिकून हात काळे करायचे? लोक काय म्हणतील?"

"कोट काळा चालतो तुम्हाला."

मी ऐकलं नाही. सुटी संपली तसा त्याला धुळ्याला धाडला. कॉलेजवाल्यांना शिव्या घालायला मी पुढे, पण माझी अक्कल तरी कुठे चालली?

पुढच्या चैत्रात ती गेली. तेरावं झाल्यावर पोरगा निघाला, कोट अंगात घालू लागला.

"राहू दे तो," मी म्हटलं. "शेजाऱ्याचं इंजिन बंद आहे, बघून ये."

"आबा, लोक काय म्हणतील?"

"लोकांची केळी वाळतेय."

त्यानं कोट खुंटीला परत लावला. हे एक वर्ष आधी बोलायला माझं काय जात होतं? तिलाही ऐकायला मिळालं असतं.