लग्नाआधीचा कार्डिओग्राम

मी आंजीला सून म्हणून आले तेव्हा माझा नवरा शाळेत मास्तर होता. त्याआधी तो पोलीस भरतीला गेला होता, पण छाती कमी भरली म्हणून परत आला, असं मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी सांगितलं होतं. त्यावरून मी त्याला कितीदा चिडवलं असेल!

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमची मुलगी दोन वर्षांची होती. शाळेच्या खेळांत तो पोरांबरोबर धावला आणि मैदानातच कोसळला. थोड्या वेळाने उठला, पाणी प्यायला, काही झालं नाही म्हणाला. मी ऐकलं नाही. एसटीने त्याला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. सासरेही आले.

हातापायांना पट्टे बांधून डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. कागदाची लांब पट्टी पाहत त्यांनी विचारलं, "आधी कधी काढला होता?"

"नाही," मी म्हटलं.

सासऱ्यांनी खिशातून घडी केलेलं पाकीट काढलं. आत तसलीच पट्टी होती, फिकट झालेली. तारीख आमच्या लग्नाच्या आधीची, पोलीस भरतीच्या वेळची.

डॉक्टरांनी दोन्ही शेजारी ठेवल्या. "ही टोकं तेव्हाही उंच होती, आता आणखी वाढलीत. या लाटा वर हव्यात, त्या खाली वळल्यात. हृदयाचा स्नायू जाड होतोय. धावायचं नाही, हे तेव्हा सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं," नवरा म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही.

बसस्टँडवर सासरे तिकिटं काढायला गेले, तेव्हा मी विचारलं, "मले काऊन नाई सांगितलं?"

"तू लग्नाले नाई म्हटलं असतं."

"मंग म्हणू द्याचं होतं ना!"

मला त्याच्या आजारापेक्षा छातीच्या त्या खोट्या मापाचा राग आला. त्या थट्टेवर तो माझ्यासोबत हसत होता.

हे रक्तातून पोरांत उतरू शकतं, म्हणून पुढच्या महिन्यात मुलीचाही कार्डिओग्राम काढला. ती रडत होती, तो तिचे पाय धरून बसला होता. तिची पट्टी ठीक निघाली. तरी मोठी होईपर्यंत अधूनमधून काढत राहा, असं डॉक्टर म्हणाले.

गोळ्यांनी तो सावरला. दर सहा महिन्यांनी मीच त्याला न्यायची आणि जुन्या पट्ट्या तारखेने लावून डॉक्टरांपुढे ठेवायची. संसार झाला, मायाही होती. पण तो "बरा आहो मी" म्हणाला, की मी आधी त्याचा हात ओढून नाडी बघायची.