आत राहिलेला काटा

समोरचे काका काल अंगणात काकूंच्या सायकलचं पंक्चर काढत होते. याच आठवड्यात दुसऱ्यांदा. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात धरली, बुडबुडे आले तिथे ठिगळ चिकटवलं. दारातून काकू म्हणाल्या, "अहो, टायरमध्ये आतून हात फिरवून बघा. काटा राहिला असेल."

"मला शिकवू नकोस," काका म्हणाले. काकू आत गेल्या.

मी खिडकीतून बघत होते. आमच्याकडेही हेच. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी आमचे हे श्रीखंड आणतात. सासूबाई म्हणतात, "किती सांभाळून घेतो गं!" भांडण मुळात कशावरून झालं, ते मी बोलायला गेले की हे म्हणतात, "झालं ते झालं, आता उकरू नकोस." ठिगळ लावणाऱ्याचं कौतुक होतं, आत काटा आहे म्हणणारी भांडखोर ठरते.

आज सकाळी चाकातली हवा पुन्हा गेलेली. काकू डबा घेऊन पायीच कामावर निघाल्या. काका घमेलं भरत म्हणाले, "संध्याकाळपर्यंत नीट करून ठेवतो."

"बरं," काकू म्हणाल्या. काट्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

मीही हल्ली काढत नाही. श्रीखंड वाटीत वाढून घेते आणि खाते.