रॅमच्या चार पट्ट्या

रुग्णालयात सगळे त्यांना ताईच म्हणत, वयाने मोठे असलेले सर्जनसुद्धा. वरच्या मजल्यावरच्या सर्व्हरच्या खोलीची किल्ली अठरा वर्षं त्यांच्या कमरेला होती. त्या खोलीत एक नोंदवही असे. यंत्र ज्याच्या हातून बंद पडेल त्याने स्वतःच्या अक्षरात तसं लिहायचं, हा ताईंचा नियम. "कारण लिहा, सबब नको," हे वाक्य त्या इतक्यांदा ऐकवत की पाठ वळली की लोक त्यांची हुबेहूब नक्कल करत.

वर्षभरापासून ताईंना नीट दिसेनासं झालं होतं. लेक फोनवर रोज मागे लागे, "आई, डोळे दाखव गं." डोळ्यांचा विभाग याच इमारतीत, तळमजल्यावर. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. डोळे गेले की किल्ली गेली, ही धास्ती ताईंच्या मनात घर करून बसली होती आणि त्याबद्दल त्या कुणाजवळ अवाक्षर काढत नव्हत्या.

त्या सकाळी साडेसातला त्यांनी सर्व्हर बंद केला. म्हातारं यंत्र, स्कॅनची चित्रं उघडताना त्याला धाप लागे. रॅमच्या दोन जुन्या पट्ट्यांशेजारी दोन नव्या बसवायच्या, एवढंच काम. खोक्यावरचा नंबर ताईंनी नाकाशी धरून तपासला होता, म्हणजे तपासला असं मानलं होतं. बटण दाबलं. यंत्र तीनदा केकाटलं आणि गप्प झालं.

शस्त्रक्रियेच्या खोलीतून फोन आला तेव्हा आठ वाजले होते. "दोन मिनिटांत होतंय, सुरू करा तुम्ही," ताईंनी ठोकून दिलं.

नव्या पट्ट्या काढून जुन्यांवर यंत्र चालू करायचं, यात अवघड काही नव्हतं. पण घाईत चारही उपसल्या गेल्या आणि टेबलावर एकत्र झाल्या. चारही हिरव्या, एका मापाच्या. जुन्यांवर ताईंनीच पेन्सिलीने खूण केली होती, ती काही दिसेना. अंदाजाने जोड्या लावल्या, प्रत्येक वेळी तेच तीन आवाज. कुठली जोडी झाली न् कुठली राहिली, याचाही मेळ राहिला नाही.

दार ढकलून शस्त्रक्रियेच्या खोलीतली सिस्टर आत आली. "ताई, पेशंटला भूल दिलीय. रक्तवाहिनी गाठीला कुठे चिकटलीय ते स्कॅनवर पाहिल्याशिवाय सर चाकू लावणार नाहीत. दहा मिनिटं थांबतील, मग तिला तशीच उठवतील. तीनदा घाबरून परत गेलेली बाई आहे हो ती. पुन्हा नाही यायची."

ताई एकेक पट्टी नाकाशी धरून पेन्सिलीची खूण शोधू लागल्या.

"जुन्यांवर खूण करता ना तुम्ही? बघू इकडे," सिस्टरने हात पुढे केला.

ताईंनी पट्ट्या झटकन जवळ ओढल्या. "तुला नाही कळायचं त्यातलं." बोलल्या आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. खाली एक बाई बेशुद्ध पडलीय आणि आपण काय लपवतोय?

त्यांनी डोळे मिटले. एक पट्टी उचलून तिच्यावरच्या चौकोनी चिप अंगठ्याने मोजल्या. आठ. दुसरीवर नऊ. बाकीच्या आठांच्या चुका पकडायला नववी असते, आणि या जुन्या यंत्राला नऊवालीच पट्टी चालते. तिसरी, आठ. चौथी, नऊ. नऊ-नऊची, म्हणजे जुन्यांचीच, जोडी त्यांनी चाचपत खोबणीत दाबली.

या वेळी एकच आवाज आला. पंखे घरघरले. चार मिनिटांनी खालून फोन आला. सिस्टरने तो ऐकला, हसून ठेवला. "चित्रं दिसली. सर म्हणतात, ताईंच्या हाताला गुण आहे."

सिस्टरने नोंदवही उघडली. "काय लिहू? नव्या पट्ट्या खराब निघाल्या?"

ताईंना मोह झाला, हो म्हणावं. मग त्यांनी पेन मागून घेतलं आणि रेघ सोडून जाणाऱ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'चुकीच्या पट्ट्या मी घेतल्या. मला दिसत नाही. तरी सुरू करा म्हणाले.'

ताईंनी कमरेची किल्ली काढून वहीवर ठेवली.

"डोळ्यांच्या विभागापर्यंत हात धर माझा," त्या म्हणाल्या. "वर्षभर जिन्याच्या पायऱ्या मोजून उतरतेय मी."