वाळक्या फांदीतलं बिऱ्हाड

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेवगा आहे. या घरात आले तेव्हा मला त्याच्या फक्त शेंगा माहीत होत्या, त्याही आमटीतल्या. मग भांडी घासता घासता ओळख वाढली. श्रावणात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांची जत्रा भरली. माघात इवले शिंजीर पक्षी फुलांना उलटे लटकून मध प्यायले. एकाच ऋतूत पाहिलेलं झाड म्हणजे लग्नात भेटलेला पाहुणा, खरा कसा आहे ते कळतच नाही.

फाल्गुनात दिवसभर टुक टुक ऐकू येऊ लागलं. शेजारच्या नलूताई म्हणाल्या, "गच्चीवर नळाचं काम काढलंय वाटतं." मलाही तसंच वाटलं. तो निघाला तांबट! मुठीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर लालभडक टिळा. वाळक्या फांदीला चोचीने भोक पाडून त्याने आत बिऱ्हाड थाटलं.

पाडव्यानंतर फांद्या छाटायला माणसं आली आणि नेमकी त्याच फांदीला हात घालू लागली. मी लाटणं हातात घेऊनच खाली धावले.

"अहो ताई, मेलीय ती फांदी."

"मेली नाही, भाड्याने दिलीय!"

माणसं हसली, पण फांदी वाचली.

आज सकाळी त्या भोकातून एक पिल्लू डोकावलं, थोडं घुटमळलं आणि थेट समोरच्या आंब्यावर जाऊन बसलं. गॅलऱ्यागॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. मुलगा की मुलगी, ते मात्र कुणालाच सांगता येईना. संध्याकाळी नलूताईंनी घरोघरी पेढेही वाटले आणि बर्फीही.