शेषरावांचा उलटा वारा

वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले आणि आमच्या गावाचा शेषराव बोंड्यांच्या अकलेने. जास्त नुकसान कुठे झालं, हे सांगणं कठीण आहे.

शेषरावांकडे काळी जमीन होती आणि बैलजोडी अशी, की बाजारात माणसं थांबून बघत. ती जोडी त्यांनी गावातल्याच नत्थुजींना विकली आणि विलायतेला परत निघालेल्या अमरावतीच्या एका साहेबाची जुनी मोटार घेतली. किल्ली देताना साहेब हसला. शेषराव पुढे बरीच वर्षं त्या हसण्याला स्नेह म्हणत.

मोटार दारात उभी राहिली त्या दिवशी त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं, की लेकीला आता आणीन तर मोटारीतूनच. लेक म्हणजे मनकर्णा, एकुलती एक, अकोल्यात जठारपेठेत दिलेली. बापाने हे बोलून टाकलं आणि पोरीचं माहेर बंद झालं. कारण सण आला, की मोटारीचं काहीतरी मोडे. जवळच्या मूर्तिजापूरहून अकोल्याला आगगाडी होती, पण आगगाडीत काय, कोणीही बसतं. शेजारपाजारच्या बंड्या होत्या, पण बैलगाडीतून लेक आणली असती तर मोटारीला वाईट वाटलं असतं.

अशी दोन वर्षं गेली. मग मनकर्णाच्या सासऱ्यांनी निरोप धाडला, की या पोळ्याला न्यायचं तर न्या, पुढे कापसाचा हंगाम लागला की सुनेला वर्षभर सोडता येणार नाही. मनकर्णाच्या आईने, सत्यभामाबाईंनी, तो ऐकला आणि नवऱ्याला एवढंच सांगितलं, की पोरगी आली नाही तर पोळ्याला चूल पेटणार नाही. बाई कमी बोलत, पण बोलल्या तसं करत.

आणि नेमका त्याच आठवड्यात मोटारीचा पंखा मोडला.

मोटारीच्या तोंडाशी पाण्याची जाळी असते. तिच्यामागे पंखा असतो. तो बाहेरचा वारा आत ओढतो, पाणी थंड राहतं आणि इंजिन डोकं फिरवून घेत नाही. हे मला पुढे कळलं. शेषरावांना कधीच कळलं नाही. अमरावतीच्या मिस्त्रीने सांगितलं, की नवा पंखा मुंबईहून येईल, पण पोळ्यानंतर. शेषरावांनी मोडका पंखा उचलला आणि थेट पुंजाराम लोहाराकडे नेला. मी शेजारी, रिकामा, त्यामुळे सोबत होतोच.

पंखा निरखून शेषराव म्हणाले, "साहेबाची अक्कल पाह्य. हा पंखा वारा आपल्याकडं ओढते. खळ्यावर उफणताना कोणी वाऱ्याकडं तोंड करते का? सारा भुस्सा डोळ्यात जाईन."

पुंजारामचा जन्म खळ्याशेजारी गेलेला. त्यालाही ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. वाऱ्याकडे पाठ करायची, हे वऱ्हाडात पोराला चालता येण्याआधी कळतं. शेषरावांचा उफणायचा जुना पंखा मोडून पुंजारामने त्याच्या पात्या कापल्या, साहेबाच्या पात्यांच्या बरोबर उलट्या वळवल्या आणि ठोकून बसवल्या. मोटार दारात उभी करून सुरू केली, तर समोर असा वारा सुटला, की समोरच्या माणिकबाईंचं वाळत घातलेलं लुगडं उडून गोठ्यावर गेलं. उभी असेपर्यंत मोटार तापली नाही. शेषराव त्या वाऱ्यात छाती काढून उभे राहिले आणि विलायतेच्या चुका सुधारल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर मावेना.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. मोटार पुढे पळू लागली, तसा समोरचा वारा आत शिरू बघे आणि शेषरावांचा वारा त्याला दारातूनच हाकलून लावे. दोघांच्या भांडणात पाणी उकळलं. दर गावाशी थांबायचं, मी डबा घेऊन नाल्यावर जायचं, पाणी ओतायचं. आगगाडीने दुपारचं जेवण व्याह्यांकडे झालं असतं. आम्ही दिवेलागणीला पोहोचलो, तेही चिखलाने माखून. व्याही सभ्य माणूस. मोटार छान आहे म्हणाले.

पोळ्याच्या सकाळी मनकर्णाला घेऊन परत फिरलो. तोच तमाशा, तीच वाफ. गाव कोसभर राहिलं आणि मोटारीने मान टाकली. मी पाणी ओतलं. ती सुरू होई, चार पावलं जाई आणि पुन्हा धूर सोडून थांबे.

शेजारी नाल्यावर नत्थुजी बैल धूत होते. तीच जोडी, शेषरावांची. त्यातला पांढरा पुढे आला आणि जुन्या मालकाची बाही चाटू लागला. मोटार गावापर्यंत ओढून द्या, एवढंच शेषरावांनी मागितलं. नत्थुजींनी बैलाच्या पाठीवर पाणी टाकणं थांबवलं नाही.

"काल यायचे खांदे शेकले, शेषराव. आज आवतण घ्या, उद्या जेवाले या, असं यायले सांगतलं. आज यायच्या खांद्यावर जू ठेवून मी यायले तोंड कसं दाखवू?"

पोळ्याच्या दिवशी वऱ्हाडात राजाचाही बैल जुंपत नाहीत. नाहून निघालेल्या बैलांना वाट द्यावी म्हणून शेषरावांनी मोटार मागे घेतली. बरीच मागे गेली, तशी मनकर्णा हळूच म्हणाली, की मागं जाताना धूर होत नाही. आम्ही पाहिलं, तर खरंच. मागे जाताना जाळीवर समोरून वारा येईना, शेषरावांचा पंखा सुखात चालला होता. हे आपल्याला ठाऊकच होतं, असं शेषराव म्हणाले. मग तोंड अकोल्याकडे फिरवलं आणि मोटार मागच्या मागे गावाला निघाली.

तोरणाखाली झूल घातलेले सगळे बैल तोंड पुढे करून उभे होते आणि त्यांच्यामधून आमची मोटार पाठीकडून आली. लोक हसले, हसणारच. सत्यभामाबाई दारात भाकरतुकडा आणि पाणी घेऊन उभ्या होत्या. त्यांना आधी लेकीची पाठ दिसली. सारा कोस मनकर्णाचं तोंड सासरकडे होतं.

ती उतरली, आईच्या गळ्यात पडली, पोटभर रडली. मग डोळे पुसून बापाकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"बाबा, बंडी धाडली असती तरी मी आली असती. दोन साल मी तं घुंगराचाच आवाज आयकून राहिली."

शेषरावांनी मोटारीचं झाकण उघडलं आणि आत डोकं घालून कितीतरी वेळ उभे राहिले. आत चूल पेटली, पुरणाचा वास आला, तरी ते तिथेच. कोणी विचारलं, की डोळ्यांत वाफ गेली म्हणत.

मी जाळीला हात लावून पाहिला. मोटार थंडगार होती.