पाटीवरचा पाढा

बाई छातीभर पाण्यात गेली होती. ओहोटीचं पाणी तिला खाडीच्या तोंडाकडे ओढत होतं आणि तिला पोहता येत नव्हतं. मी वर्दीसकट आत शिरले, तिचा अंबाडा धरला आणि ओढत काठावर आणली. ती माझ्या हाताला चावली. पलीकडे तिचा काडीमोड झालेला नवरा मुलीसाठी बुड्या मारत होता. तो दिवस मी अजून विसरलेले नाही.

गाव आचरा. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मी चौथी शिकलेली, तालुक्याच्या ठाण्यात बाई शिपाई एकटीच. काडीमोड झाल्यावर ती खाडीतली बाई मसुऱ्याला माहेरी राहत होती, नऊ वर्षांची मुलगी तिच्याजवळ. बाप आचऱ्याला, मासेमारी करणारा. कोर्टाचा हुकूम आला की मुलगी बापाच्या ताब्यात द्यावी. मुलीचं काम म्हणून मला पाठवलं. एखादी वस्तू ताब्यात द्यावी तसाच कागद होता. मुलीला काय हवं हे लिहायला त्यात जागा नव्हती, आणि मीही तिला विचारलं नाही. मनगटाला धरून बापाच्या अंगणात आणली, आई मागोमाग आली. तिचं बोचकं पडवीत ठेवलं. सकाळी नऊला आईचा अंगठा घ्यायला मी मनगट सोडलं. आई-बाप एकमेकांची लाज काढत होते. कागद घडी करून वर पाहते तर मुलगी नाही.

सगळा गाव शोधायला लागला. एकच्या सुमारास शेजारची बाई ओरडत आली, खाडीच्या चिखलात मुलीची पाटी सापडली. पुढे काय झालं ते वर लिहिलंच आहे.

बापाला चौघांनी बाहेर काढल्यावर मी पाटी हातात घेतली. पाटीवर तेराचा पाढा होता. सगळा, एक आकडाही पुसलेला नाही. त्या दिवशी भरती दहाला पूर्ण झाली होती आणि पाटी सापडली ती जागा दहाला पुरुषभर पाण्याखाली. पावसानेही सकाळपासून उघडीप दिली होती. म्हणजे पाटी तिथे ठेवली ती पाणी उतरल्यावर. बापाला भरती-ओहोटी माझ्यापेक्षा जास्त कळत होती, पण त्याचं डोकं तेव्हा चालत नव्हतं. दुसरं म्हणजे पाटी बोचक्यात होती, आणि बोचकं मी स्वतः पडवीत ठेवलं होतं; मुलगी गेल्यावरही ते तिथे बांधलेलंच होतं. तेव्हा पाटी नेली ती घरातल्याच कोणीतरी. घरात बापाची म्हातारी आई सोडून कोणी नव्हतं.

म्हातारी चुलीपुढे होती. गावभर नात बुडाल्याची रड, आणि ही पेज गाळून भाजलेला सुका बांगडा सोडत बसलेली. एकेक काटा काढून बाजूला ठेवत होती.

मी समोर बसले. विचारलं, "म्हातारे, काटे कोणासाठी काढतंस गो?"

म्हणाली, स्वतःसाठी, दात नाहीत म्हणून. मी म्हटलं, दात नसलेलं माणूस बांगडा भाजत नाही, कालवण करतं. मग मी सांगितलं की तिची सून आता बुडता बुडता वाचली आणि मुलगा काठावर ओकतो आहे. तेव्हा तिचा हात थांबला.

"दोघांय नुसती माझा माझा करतत," ती म्हणाली. "म्हटलां, एकदा चेडू नाय म्हणान रडांदेत. पाण्यात शिरतली ह्या खंय ठावक माका?"

नातीला लपवलं होतं तिकडे, मागच्या दाराकडे तिने बोट केलं. नारळी पौर्णिमा व्हायची होती, होड्या अजून घरामागच्या मांगरात, म्हणजे खोपीत, नारळाच्या झापांखाली होत्या. मुलगी बापाच्या होडीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पाटीचं तिला काहीच माहीत नव्हतं. मला पाहून तिने दोन्ही मनगटं पाठीमागे लपवली. मी हात लावला नाही. आई-बाप खाडीवर आहेत एवढंच सांगितलं. ती होडीतून उडी मारून पळाली, आणि मला ती गाठता आली नाही. काठावर पोचले तेव्हा तिघंही चिखलात बसली होती.

हवालदारांनी म्हातारीला समज देऊन सोडलं. डायरीत मी लिहिलं की मनगट माझ्या हातून सुटलं. साहेबांनी खरडपट्टी काढली. पण प्रकरण परत कोर्टात गेलं, आणि या वेळी न्यायाधीशांनी आई-बापाला बाहेर ठेवून मुलीला आत घेतलं. मी दाराशी होते.

"माका दोघांकडे जावचा आसा," ती म्हणाली. "शाळा आवशीकडे, सुटी बापाशीकडे. पण कोणी धरून नेव नको. मी आपली चलत जातलंय."

तसाच हुकूम निघाला. ती खरंच चालत जायची, मी तिला वाटेत कितीदा पाहिलं.

त्यानंतर ज्या ज्या मुलाच्या ताब्यासाठी गेले, तिथे आधी खाली बसून विचारलं, तुला कुठे जायचं आहे. उत्तर पाळणं माझ्या अधिकारात नसे, पण मी ते डायरीत लिहीत असे. वर वाचणारा कोणी असलाच तर वाचील.

त्या दिवशी खाडीत उतरलेली दोघंही वाचली. मुलगी वाचली. म्हातारी पुढे बारा वर्षं जगली.