व्हॉल्व्हमनचा हिवाळा

टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये थंडी वर्षातून तीन-चार दिवसच येते, पण येते ती पाइप फोडायच्या इराद्यानेच. म्हणून ऋताच्या प्लाझात हिवाळा ऑक्टोबरच्या उन्हातच सुरू होतो. सुरू करतात तिचे सासरे, त्र्यंबककाका.

प्लाझा म्हणजे एका रांगेतली चार दुकानं. टोकाला ऋताची खाणावळ, शेजारी रवींद्रचं टॅक्सचं ऑफिस, मग लिनचं सलून, आणि एक रिकामा गाळा. इमारत ऋताची, पण किल्ल्यांचा जुडगा काकांच्या कमरेला.

लोक अर्ध्या चड्डीत फिरत असतात तेव्हा काका कानटोपी घालून शिडीवर चढतात. छतातल्या पाइपांना फोमचं आवरण घालतात, हिरवळीच्या फवाऱ्यांची लाइन रिकामी करतात, बाहेरच्या नळांवर टोपणं बसवतात. यंदा एक टोपण कमी पडलं, तर त्यांनी स्वतःचा मफलर नळाला गुंडाळला आणि हनुवटीखाली मारावी तशी गाठ मारली.

"काका, त्याला काढा पण द्यायचा का?" रवींद्रने खालून विचारलं. तो नागपूरचा, थंडीवर आपलाच हक्क आहे असं त्याला वाटतं.

"तुला सर्दी झाली तर तू शिंकशील. याला झाली तर तुझं ऑफिस पोहेल."

काका जालन्याकडच्या एका लहान शहरात नगरपालिकेचे व्हॉल्व्हमन होते. सायकलला आडवी बांधलेली छातीएवढी लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्ली फिरायचे. रस्त्यातल्या झाकणाखाली ती घालून फिरवली की त्या गल्लीला पाणी. वेळ संपली की उलटी फिरवायची. पाणी आठवड्यातून एकदा यायचं, त्यामुळे एका गल्लीत ते जरा जास्त रेंगाळलं तर दुसऱ्या गल्लीतल्या बायका काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. त्यांनी नगरसेवकाची गल्ली जास्त भिजू दिली नाही, आणि स्वतःच्या बायकोचीही नाही. बायकोने ते शेवटपर्यंत ऐकवलं.

ती गेल्यावर मुलाने, यशोधनने, त्यांना इकडे आणलं. मग ते सोफ्यावर बसून राहिले. चहा दिला की प्यायचे, टीव्ही लावला की बघायचे. पाण्याची पाळी संपलेल्या गल्लीसारखा माणूस. ऋताने एक दिवस किल्ल्या हातात दिल्या, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आपण होऊन विचारलं, "मेन व्हॉल्व्ह कुठे आहे?"

पण शिडीवरचे वडील यशोधनला बघवत नव्हते. "यंदाचा लास्ट चान्स," त्याने जाहीर केलं. "एक जरी पाइप गोठला, तर पुढच्या वर्षीपासून मेंटेनन्स कंपनीला देऊ. बाबा घरी बसतील." काका किल्ल्या झोपतानाही उशाशी घेऊ लागले.

जानेवारीत एका दुपारी रात्री पाणी गोठेल अशी फ्रीझची वॉर्निंग आली. ऋताने खाणावळ लवकर बंद केली.

"बाबा, सगळीकडे सिंकखालची दारं उघडी ठेवा, भिंतीला ऊब लागते. आणि नळ बारीक चालू ठेवा, वाहतं पाणी गोठत नाही. धार हवी, थेंब नको."

"रात्रभर?"

"रात्रभर."

"आणि पाणी?"

"जाईल वाहून."

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने घरातलं माणूस विकायला काढलं होतं.

ती गेल्यावर ते कामाला लागले. सलूनमध्ये आणि रवींद्रकडे त्यांनी नळ सोडले आणि मागे न बघता बाहेर पडले. खाणावळीत मात्र भांडी समोरच होती. त्यांनी धारेखाली पातेलं लावलं. ते भरल्यावर दुसरं. मग कुकर, पराती, पिंपं, शेवटी चहाची गाळणी ठेवायचा वाडगासुद्धा. संध्याकाळी सगळं भरलं आणि पाणी सिंकमध्ये जाऊ लागलं. स्वच्छ, पिण्याचं पाणी. मग काकांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. नळ बंद करून, कुलूप लावून ते घरी गेले.

सकाळी ऋताने नळ फिरवला. नळ नुसता खाकरला.

काकांनी कमरेचा जुडगा काढून ओट्यावर ठेवला. "मी बंद केला होता."

ऋताने काही म्हणण्याआधी तिची नजर फरशीवर गेली. पाय ठेवायला जागा नव्हती, इतकं पाणी भरून ठेवलं होतं.

"बाबा, हे काय?"

"वाया चाललं होतं."

तिने तोंड फिरवलं, पण हसू दाबताना खांदे हलत होते. मग त्याच पाण्यात तिने भात टाकला, कारण डबे थांबणार नव्हते.

लिन सलूनमधून दोन हेअर ड्रायर घेऊन आली. रवींद्र सिंकखाली घुसला आणि पाइपावर गरम वारा सोडू लागला.

"काका, सरळ करू की कुरळे?"

"फुटलेला नाही ना, ते बघ आधी."

"भिंत कोरडी आहे. फार सोशिक आहे हो तुमचा पाइप."

बऱ्याच वेळाने नळाने दोन गुळण्या टाकल्या आणि पाणी आलं.

"यशोधनला काय सांगायचं?" बाहेर येत रवींद्रने विचारलं.

"पाणी आलं म्हणून," ऋता म्हणाली.

"गोठलं होतं हेही सांग," काका म्हणाले. "आणि कुणामुळे तेही."

संध्याकाळी थंडी तशीच होती. ऋताने ओट्यावरचा जुडगा काकांच्या हातात दिला. "आज शेवटी तुम्ही निघा. नळ चालू ठेवून. मी गाडीत बसते. जमलं, तर यशोधनशी मी भांडेन. नाही जमलं, तर त्याचं बरोबर."

गाडीतून तिला काचेपलीकडचा ओटा दिसत होता. भांडी आत ठेवून दिलेली. काका सिंकपाशी उभे. धार सरळ जाळीत जात होती. त्यांनी हात पुढे केला. हात नळावर आला, थांबला, आणि त्यांनी नळ आणखी थोडा उघडला.

मग दिवा मालवला, दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि येऊन गाडीत बसले.

"धार बारीक झाली होती," ते म्हणाले. "अजून कानात वाहतेय. रेडिओ लाव. मोठ्याने."